नव्या बाटलीची चार मिनिटं

मामा ब्लीच नाकानं ओळखत. बाटली उघडून एकदा वास घेतला, की ती ताजी आहे की उन्हानं मवाळ झालीय, हे सांगत. उस्मानाबादजवळच्या आमच्या शेतकी प्रयोगशाळेत ते शिपाई होते. काचसामान धुणं आणि कुंड्यांना पाणी घालणं ही त्यांची कामं.

मी तिथं नवीनच लागले होते. वांग्याच्या मुळांना गाठी आणणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी आम्ही कुंड्यांतल्या वांग्यांवर वाढवायचो. त्यांची अंडी बशीत ठेवली की बुरशी चढायची, म्हणून ती आधी ब्लीचच्या पाण्यात धुवायची. किती वेळ, हे मी महिनाभर तपासलं. दोन मिनिटांत बुरशी राही. चार मिनिटांत ती जाई आणि अंडी जगत.

दुष्काळाचं वर्ष होतं. काचसामान विसळलेलं शेवटचं पाणीसुद्धा मामा कुंड्यांना घालत. “पानी फेकनाऱ्याला माफी न्हाय,” म्हणत.

या कृमींपुढं कुठल्या जातीचं वांगं टिकेल, हे एका सहकारी सोसायटीला पेरणीआधी हवं होतं. घाईत मी सगळ्याच कुंड्यांतली झाडं उपटली आणि मुळांवरची सगळी अंडी एकदम धुवायला काढली. त्याच दिवशी ब्लीचची नवी बाटली उघडली होती.

“बाई, ह्याचा वास लई तिखट हाय. आधी थोड्यावर बघा.”

“मामा, चार मिनिटं ठरलंय,” मी म्हटलं.

आठवडा झाला तरी एकाही अंड्यातून कृमी निघाला नाही. सगळी मेली होती.

पाण्याअभावी कुंड्या वाळल्या, असं मी अहवालात लिहिलं. मामांनी विचारलं तेव्हा वाचून दाखवलं. ते फडकं पिळत म्हणाले, “दुष्काळावर लई जनांनी लई काय काय ढकललंय, बाई. आपलं तरी नका ढकलू.”

मी कागद फाडला आणि खरं लिहिलं. साहेबांनी लेखी समज दिली. सोसायटीला एक हंगाम थांबावं लागलं.

अणदूरकडं एका विहिरीच्या पाण्यावर वांगी अजून हिरवी आहेत, हे मामांनीच शोधून काढलं. एसटीनं जाऊन आम्ही गाठी आलेली दोन झाडं आणली. या खेपेला नवं ब्लीच आधी चिमूटभर अंड्यांवर पाहिलं. दीड मिनिट पुरलं.

पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल दिसली. मी मामांना हाक मारली.

“मला कशाला?” ते दारातच थांबले. अकरा वर्षं त्यांनी या बश्या धुतल्या होत्या. आत बघा, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. मलाही ते तोवर सुचलं नव्हतं. मी स्टुलावरून उठले. मामा बसले नाहीत. सदऱ्याला हात पुसून वाकले, एक डोळा तळव्यानं झाकला आणि बराच वेळ बघत राहिले.

“जित्ते हायेत की, बाई!” मग हळूच, “एवढुसं हाय, अन् आख्खं झाड झोपवतंय.”

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. काही वर्षांनी मी मामांना पत्र धाडलं. उत्तर आलं ते त्यांच्या मास्तरीण मुलीचं. मामा उन्हाळ्यात गेले होते. शेवटी तिनं लिहिलं होतं, “बाबा आल्यागेल्याला सांगायचे, ‘लोक न दिसनाऱ्या किड्यांवर इस्वास ठेवत न्हाईत, पन म्या बघितल्यात.’”