फर्दापूरच्या भाचीची शिदोरी

इन्स्पेक्टरसाहेबांनी रिकाम्या झोळ्या खानावळीच्या ओट्यावर टाकल्या तेव्हा मी आत चटणी कुटत होते. बत्ता तसाच हातात राहिला.

"क्या बोलू काकू," साहेब म्हणाले, "तुमची शिदोरी सिल्लोडातच संपली. फर्दापूर अजून लांब होतं."

काकू म्हणजे औरंगपुऱ्यातल्या आमच्या खानावळीच्या मालकीण. साहेब पैमाईशीचे, म्हणजे सरकारी जमीन मोजणीचे. त्यांची पार्टी साखळी घेऊन डोंगराच्या कडेकडेनं पायी जायची. त्या साखळीला जरीब म्हणायचे. खेचरावर जरीब, खुंट्या आणि तंबू. खाणं मात्र ज्याचं त्यानं पाठीवर न्यायचं. वर डोंगरात चूल पेटवायला वेळ नसे. आणि गावात कुणाकडून काही घेऊन खायचं नाही, असा वरून सक्त हुकूम होता. आधीच्या कुठल्या तरी पार्टीनं रयतेच्या कोंबड्यांवर फार ताव मारला होता, म्हणून तो हुकूम निघाला होता.

"मग जेवलात कुठं?" काकूंनी विचारलं.

"तोच तर लफडा. एका शेतकऱ्यानं पिठलं-भाकरी वाढली. त्यानं प्रेमानं वाढली. पण शेजाऱ्यानं तक्रार केली. मला वरून जाब विचारला गेला. आता परत एकदा जायचं आहे. या वेळेस शिदोरी पुरली तर ऑर्डर तुमचीच. नाही पुरली तर मी दुसरी खानावळ बघतो."

साहेब गेले. काकू आत आल्या.

"ऐकलंस ना? ही ऑर्डर गेली तर तुझ्यासाठी इथं काम नाही गं. भांड्यांना बाई आहे, पोळ्यांना बाई आहे."

मला ठाऊक होतं. काम नसेल तर मला लासूर स्टेशनला दिरांकडे जावं लागलं असतं. तिथं काम भरपूर होतं. पण तिथं मी कामाला आहे असं कुणी म्हणत नसे. मी तिथं 'राहते' असं म्हणत.

शिदोरी बांधणं म्हणजे काय, ते सांगते. बांधायचं ते हलकं हवं, पोटाला आधार देणारं हवं आणि टिकणारं हवं. खाण्यात सगळ्यात जड असतं ते पाणी. पाणी वाटेत विहिरीला मिळतं, मग ते पाठीवर कशाला न्यायचं? म्हणून आम्ही सगळं भाजून पाणी घालवतो. भाजलेल्या गव्हा-हरभऱ्याचं पीठ म्हणजे सातू. त्यात गूळ आणि पाणी कालवलं की मूठभर पिठात माणूस दुपारपर्यंत चालतो. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या काही दिवस मऊ राहतात. बाजरीच्या खारोड्या खिशात टाकल्या की चालता चालता खाता येतात. शेंगदाण्याची कोरडी चटणी तर कुठंही चालते. आणि शेवटच्या दिवसांसाठी तूप-गुळाचे डिंकाचे लाडू. माणूस थकलेला असतो, तेव्हा लाडवासारखं काही नाही.

माझं गणित चुकलं नव्हतं. खाणं पुरेसं होतं. पण जे शेवटी खायचं ते त्यांनी पहिल्यांदा खाल्लं. ओट्यावर बसलेल्या बाबूला काकूंनी विचारलं. बाबू जरीब ओढायचा. बांध्यानं काटकुळा, पण पोट कुणाच्या नावावर होतं देव जाणे.

"लाडू शेवटी खायचे असं सांगितलं होतं ना रे?"

"सांगितलं व्हतं की. पर पाठीवर लाडू हायेत हे म्हाईत असताना माणूस दशमी कशी खाईल, काकू? तुम्हीच सांगा."

"जरा धीर धरायचा!"

"धरला. फुलंब्रीपतुर धरला. लई धरला."

मी आतून ऐकत होते. परक्या माणसापुढं माझं तोंड उघडत नाही. साहेबांशी बोलायचं तर मी दाराआडून काकूंना सांगे आणि काकू साहेबांना. पण डोकं चालायला तोंड लागत नाही.

लाडू कडू करावेत का? मग ते कुणीच खाणार नाही. झोळ्या शिवून टाकाव्यात का? बाबूला दात आहेत. पुढचे दोन दिवस मी त्याच विचारात भाजणी भाजत होते. तेवढ्यात शेजारच्या आळीतली एक मुलगी सासरी निघाली. मागून तिचा भाऊ शिदोरीचं टोपलं घेऊन चालला होता. टोपल्यावर नवा खण, खणाला गाठ, गाठीवर हळद-कुंकू. तो भाऊ बाबूच्याच तालमीतला. दिसेल ते खाणारा. पण टोपलं असं धरून चालला होता, की जणू आत नाग आहे.

मी काकूंना म्हटलं, "मिळालं."

"काय मिळालं?"

मी सांगितलं. काकू पदर तोंडात धरून हसत सुटल्या.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी शेवंता फर्दापूरला दिली होती. मागच्या महिन्यात ती माहेरी आली होती आणि आता परत निघाली होती. तिला मी बेत समजावला. ती माझ्यापेक्षा वात्रट, लगेच तयार झाली, आणि पार्टीच्या आधीच फर्दापूरला परतली.

निघायच्या दिवशी साहेब आले. काकूंनी त्यांना सांगितलं, "फर्दापूरपर्यंतचं झोळ्यांत आहे. पुढची सोय आमची बाई तिथल्या भाचीकडं करते आहे. तेही आमच्याच ऑर्डरीतलं. गावाकडून तुम्ही काही घेत नाही."

साहेबांनी झोळी उचलून पाहिली. "हलकी आहे. अच्छा है."

मग मी खणानं बांधलेलं टोपलं दाराबाहेर सरकवलं. गाठीवर हळद-कुंकू होतं.

"हे काय?"

"ते भाचीला द्यायचं," काकू म्हणाल्या. "नव्या नवरीची शिदोरी आहे. मावशीकडची. तुम्ही तिकडं जाताच आहात."

बाबू ओरडला, "आन् आमच्या पाठीला काय टपाल हापिस समजलात व्हय?"

साहेबांनी त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं. त्यांची थोरली मुलगी नुकतीच जालन्याला सासरी गेली होती. "उचल," ते म्हणाले. "लेकीची आहे."

बाबूनं उचललं. आत त्याचेच लाडू होते, त्याच्याच दशम्या, त्याचाच सातू. फर्दापूरला पोचल्यापासून मोजणी संपेपर्यंतचं सगळं खाणं. शेवंतानं ते तिथं परत त्यांच्याच हवाली करायचं होतं. तो ते स्वतःच्या पाठीवर घेऊन कुरकुरत निघाला. काकू आत येऊन पाटावर बसल्या आणि हसून हसून ठसका लागला म्हणून त्यांना पाणी द्यावं लागलं.

पुढचं मला नंतर बाबूकडून आणि शेवंताकडून कळलं.

झोळीतले मोजके लाडू फुलंब्रीतच संपले. त्यानंतर टोपल्यातून तुपाचा वास येत राहिला. सिल्लोडच्या मुक्कामाला सगळे टोपल्याभोवती बसून कोरडी दशमी खात होते. एकानं खणाला नुसतं बोट लावलं, तर बाबूच त्याच्या अंगावर धावून गेला. "लेकीच्या शिदोरीला हात लावतो व्हय रं? घरात बहीण हाय का नाय?" घाटात तर टोपलं कलू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून उतरला, आणि स्वतःची झोळी दुसऱ्याच्या गळ्यात घातली.

फर्दापूरला टोपलं बिनधोक पोचलं. इथपर्यंत माझा बेत चोख होता.

पण पार्टी पोचली तेव्हा शेवंता शेतात होती. घरी तिची सासू. तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. सासूनं खण पाहिला, हळद-कुंकू पाहिलं, बाबूला गूळ-पाणी दिलं आणि टोपलं आत नेलं. साहेब आपले शाळेजवळ तंबू ठोकायला गेले.

आता सुनेच्या माहेरची शिदोरी आली की आमच्याकडं काय करतात? आळीत वाटतात. घरोघर वाटली नाही तर माहेरच्यांनी काय पाठवलं ते आळीला कळणार कसं? सासूनं लाडू वाटले. दशम्या वाटल्या. सातूसुद्धा वाट्या भरभरून वाटला. शेवंता शेतातून आली तोवर टोपल्याच्या तळाला खारोड्यांचा चुरा होता.

"अवो आत्याबाई, काय केलं हे!" तिनं सासूला कपाळावर हात मारून सांगितलं. "ही यांचीच व्हती! सरकारी हाय!"

सरकारी शिदोरी अख्ख्या आळीनं खाल्ली होती. शेवंता तशीच तंबूकडं पळाली आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं. साहेब बाबूकडं वळून म्हणाले, "मतलब तू अपनाच लाडू ढोके लाया?"

बाबू तोंड उघडून उभा. "मी त्येच्यासाठी मारामारी केली, साहेब."

हसून झालं. पण पुढं खायचं काय? गावातून घ्यायचं नाही. परत यायचं तर मोजणी अर्धवट, आणि आमची ऑर्डर गेली. तेवढ्यात सासू आळीतल्या बायांना घेऊन आली. कुणाकडं भाकरी, कुणाकडं ठेचा, कुणाकडं पिठलं.

"हे नाही चालणार," साहेब म्हणाले. "हुकूम आहे. रयतेकडून काही घ्यायचं नाही."

"तुम्हाला कोण देतंय?" सासू म्हणाली. "आमच्यात शिदोरीचं टोपलं रिकामं परत जात नाय. आमी टोपलं भरतोय."

बाबूनं साहेबांना सोडवलं. "साहेब, हुकूम आपल्याला हाय. टोपल्याला नाय."

मग मोजणी संपेपर्यंत टोपलं रोज भरत राहिलं. कारण ज्या ज्या घरानं लाडू खाल्ला होता, त्या प्रत्येक घराला ते भरायचं होतं. पार्टी गरम भाकरी खाऊन परत आली. बाबूच्या गालावर मांस दिसत होतं. तक्रार कुणी केली नाही. करणार कोण? लाडू सगळ्यांनीच खाल्ले होते.

साहेबांनी टोपलं ओट्यावर ठेवलं. आत हिरव्या मिरच्या आणि काकडी होती. मी दाराआड उभी. आता बोलणी बसणार म्हणून बोटाला पदर गुंडाळत होते.

"काकू," साहेब म्हणाले, "आतल्या बाईंना एक विचारा. पुढच्या खेपेला आम्ही कन्नडच्या बाजूला चाललो आहोत. तिकडं त्यांची कुणी भाची आहे का?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना विचारायची गरज पडली नाही. दाराआडून पहिल्यांदाच माझा आवाज निघाला.

"बघते, साहेब. मिळंल."

ऑर्डर राहिली, मीही राहिले. पुढं मला बऱ्याच गावांत भाच्या झाल्या. काहींची तोंडंसुद्धा मी पाहिली नाहीत. त्यांच्या सासवांना मात्र आधी निरोप धाडायचा, हे मी पक्कं केलं. तरी कधी कधी मुद्दामच विसरायचे.

शिदोरी कशी बांधावी, असं अजूनही कुणी विचारतं. मी सातूचं सांगते, दशमीचं सांगते. शेवटी म्हणते, लाडू दुसऱ्याच्या नावानं बांधा. हलके होत नाहीत, पण पोचतात.