शाह बुलंदचं एका दुपारचं राज्य

शाह बुलंद बी.ए.च्या इंग्रजीत तीनदा गटांगळ्या खाऊन बसला होता, तरी त्याच्या जीपच्या मागे ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं: ‘शाह बुलंद, बी.ए. (होतोय)’. त्याचा मेहुणा बी.ए. होता आणि सासुरवाडीला नळीचं हाड कायम मेहुण्याच्याच ताटात पडायचं. शिक्षणाची तळमळ म्हणतात ती एवढीच.

दिवसभर पाकिस्तानच्या उत्तरेकडल्या डोंगरांत बूनी ते चित्राल जीप हाकणारा माणूस अभ्यास करणार कधी? त्यावर तोडगा निघाला. नर्स मेहरनमा रोज पुढच्या सीटवर बसायची. ती इंग्रजीच्या परीक्षेचं पुस्तक वाचायची, आमच्या भाषेत सांगायची, आणि मागच्या बाकांवर कोंबलेले आम्ही सगळे फुकटात ऐकायचो.

पुस्तक जुनं, गाजलेलं. एक गोरा शिपाई नोकरी सोडतो, खिंडी ओलांडून आमच्यासारख्याच कुठल्यातरी डोंगरात शिरतो, छत्री उघडतो, आणि देव आला म्हणून लोक त्याला राजा करतात.

“छत्री बघून?” शेर आगा बाबांनी मागून विचारलं. ते जीपमधले सर्वांत म्हातारे उतारू.

“छत्री बघून,” मेहरनमा म्हणाली.

“माझ्या आज्यानं जन्मात छत्री पाहिली नव्हती. पण देव म्हणून पाया नसता पडला. ‘केवढ्याला घेतलीस? फसवलं तुला,’ असं म्हणाला असता.”

“बाबा, परीक्षेत तेच विचारतात हो!” शाह बुलंद कळवळला. “लोकांनी त्याला राजा का मानलं? मी काय लिहू, फसवलं तुला?”

वाद पेटला. त्या दिवशी पुढे दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि आम्ही एका गावाखाली अडकून पडलो. गप्प बसणं शाह बुलंदच्या रक्तातच नव्हतं. त्यानं मेहरनमाची जांभळी छत्री उचलली.

“आत्ता करून बघतो. गावात मला कुणी ओळखत नाही.”

“जा, महाराज,” मेहरनमा म्हणाली. “छत्री मात्र परत आणा.”

आम्हीही मागोमाग गेलो. असला तमाशा कोण सोडतो?

गावाच्या मधोमध अक्रोडाखाली एका धोंड्यावर चढून त्यानं छत्री उघडली आणि ओरडला, “लोकहो! मी तुमचा राजा!”

जर्दाळू वाळत घालणाऱ्या एका आजींनी मान वर केली. गुलदस्ता आजी म्हणत त्यांना.

“राजा का? बरं झालं बाबा आलास. जुने राजे गेल्यापासून आमचा पाट कुणी धड साफ केला नाही. ते बघ फावडं.”

“आजी, राजा फावडं धरत नाही.”

“मग कसला राजा? चल, उतर खाली!”

तो उतरला. पाटात गुडघाभर चिखल. तो उपसतोय तोवर दोघे भाऊ भांडत आले. एकाच्या बकरीनं दुसऱ्याचा वाटाणा खाल्ला होता. न्याय हवा होता. शाह बुलंदनं ऐटीत सांगितलं, की बकरी अर्धी अर्धी वाटून घ्या. बकरीवाला चिडला, वाटाण्यावाला चिडला, आणि बकरीनं छत्रीची झालर खाल्ली.

एवढ्यात कुणीतरी ओरडलं, “नवा राजा गावजेवण घालतो, ती रीत आहे! बैल कुठाय?”

“माझ्याकडे बैल नाही हो!”

“खाली जीप उभी आहे ना तुझी? वीक की!”

हे ऐकताच महाराजांनी धोतरासारखी सलवार वर खोचली आणि उतारावरून जी धूम ठोकली, ती जीपमध्ये येऊनच थांबली. मागून गुलदस्ता आजी ओरडत होत्या, “अरे, पाट अर्धाच झालाय!”

संध्याकाळी रस्ता मोकळा झाला. चित्राल येईपर्यंत शाह बुलंदनं नजर रस्त्यावरून हलवली नाही. मेहरनमा छत्रीच्या कुरतडलेल्या झालरीकडे बघत होती.

परीक्षेला तो प्रश्न आलाच. त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: लोकांनी त्याला राजा मानलं, कारण पाट उपसायला माणूस हवा होता. तो देव नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण काम संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

“असं पुस्तकात कुठंय?” मेहरनमानं विचारलं.

“लिहिणारा पाटात उतरला नसेल,” शाह बुलंद म्हणाला.

निकाल लागला. इंग्रजीत तो काठावर पास झाला. चौकात त्यानं आम्हा सगळ्यांना चहा पाजला, शेर आगा बाबांना दोनदा मिठी मारली. मग मेहरनमानं निकालाचा कागद पुन्हा एकदा नीट वाचला. पठ्ठ्या पाकिस्तानच्या इतिहासात नापास झाला होता.

आता जीपमध्ये इतिहासाचं पुस्तक चालू आहे. त्यात तारखाच तारखा, राजा नाही, छत्री नाही. बाबा पहिल्या वळणालाच घोरायला लागतात, आणि निम्मे उतारू मागच्या जीपनं जातात.