मामांची स्लाइड

नाशिकच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बरीच वर्षं एकच काम करते. ऑपरेशनमधून आलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे. स्लाइडवर नाव नसतं, नंबर असतो. ते बरं असतं.

माझ्या मामांचा दिंडोरी रस्त्याला फुलांचा मळा होता. माणूस दारूला कधी शिवला नाही, तरी यकृतात गाठ निघाली. काविळीचा जुना विषाणू अंगात राहून गेला होता. सर्जनने गाठ पूर्ण काढली. घरात पेढे वाटले गेले.

आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडम तेव्हा यकृताच्या गाठींमधल्या एका एन्झाइमचा अभ्यास करत होत्या. पेशींना धरून ठेवणारं जाळं ते विरघळवतं. वाट मोकळी झाली की कॅन्सरच्या पेशी रक्तात उतरून दुसरीकडे जाऊन बसतात. एन्झाइम असेल तिथे रंग तपकिरी येतो. मामांनीही अभ्यासाच्या कागदावर सही केली होती. त्यांचा नंबर मला माहीत होता, स्लाइड मीच रंगवली. गाठीची कड गडद तपकिरी आली.

मॅडम म्हणाल्या, "असं असलं की आजार पसरण्याचा धोका जास्त दिसतो. पण एका माणसाचं भविष्य यावरून सांगता येत नाही. हे रिपोर्टमध्ये जाणार नाही."

मीही बोलणार नव्हते. महिन्याभराने मामा तपासणीसाठी रक्त द्यायला लॅबमध्ये आले आणि बाकावर माझ्याशेजारी बसले.

"तू पाहिलं ना ते, माझ्या गाठीचं?"

"पाहिलं."

"मग सांग. मी काय लहान नाय."

मी सांगितलं, मॅडमचं वाक्यही जोडलं. त्यांनी एकच विचारलं, "हे एन्झाइम बाहेरून येतं का?"

"नाही, आपलंच असतं. जखम भरताना शरीराला लागतं."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय," असं म्हणून ते रक्त द्यायला आत गेले.

त्यानंतर त्यांनी एकही तपासणी चुकवली नाही. सुनेला पहाटे मार्केटला न्यायला लागले. फवारणी, छाटणी, कुठला व्यापारी कसा, सगळं तिला दाखवलं. सातबाऱ्याची कामं उरकली. दीड वर्षाने फुप्फुसात ठिपके दिसले. गोळ्या सुरू झाल्या, त्या गोळ्यांनी तळपायाची सालं निघायची. मामा मऊ चप्पल घालून बांधावर बसत आणि तिथून सुनेला सूचना देत. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

मॅडमचा अभ्यास पूर्ण झाला. गडद स्लाइड असलेले बरेच पेशंट लवकर गेले होते. पण दोघे-तिघे अजून तपासणीला येतात, धडधाकट.

वर्षश्राद्धाला मामी मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "त्यांना सांगायला नको होतंस. पेढे वाटले त्यानंतर हा माणूस एक दिवस निवांत बसला नाही. घरात नुसती आवराआवर."

सून पोळ्या लाटत होती. ती हळूच सासूला म्हणाली, "मळा मला त्याच दिवसांत कळला, आत्या."

मामींनी तिच्याकडे पाहिलं नाही. मी पानं वाढायला बाहेर गेले. मॅडमनी न सांगितलेलं मी सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही. मामी माझ्याशी कामापुरतं बोलतात.