मोळी, फळी आणि संचालक शेळी

त्या साली आमच्या गावात पाण्याचा मान एवढा वाढला होता, की टँकर आला म्हणजे आम्ही जावयासारखं त्याला वेशीवर सामोरं जायचो. पाय तेवढे धुवायचे राहायचे, कारण धुवायला पाणी टँकरातच असायचं. विहिरीत बादली सोडली तर ती तळाच्या दगडावर आपटून शिव्या देत वर यायची. आमचे बैल चारा छावणीत गेले आणि आठवडाभरात माझ्यापेक्षा गुबगुबीत दिसायला लागले. छावणीत माणसांना दाव्याला बांधून घेत नाहीत असं कळलं, तेव्हा मी बायकोला घेऊन ऊसतोडीच्या टोळीत गेलो.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती परकरात होती तेव्हापासून आईबापाबरोबर तोडीला जाणारी. मी जन्मात ऊस फक्त चावून खाल्लेला. तरी माजलगावकडे जाताना ट्रॉलीत बसल्या बसल्या मी अख्ख्या टोळीला सांगत होतो, की शिंदीच्या शेंड्यावर चढून दुपारची झोप काढायची माझी जुनी सवय. वास्तविक बाजेवर उभा राहिलो तरी मला गरगरायचं.

तोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. अर्धा कोयता आमच्या टोळीत चालायचा नाही. दोघांनी तोडायचं, पाचट साळायचं, मोळ्या बांधायच्या, आणि सहकारी कारखान्याचा ट्रक फडात येऊन उभा राहिला की तिरकी लावलेली वीतभर रुंदीची फळी चढून डोक्यावरची मोळी वर नेऊन रचायची. तोडणं मला जमलं. ट्रक मात्र पहिल्या सकाळीच आला. त्याच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, ही फळी ट्रकला लावलेली नसून ढगाला लावली आहे.

पहिल्यांदा मी चार पावलं चढलो. फळी हलली आणि मी मोळीसकट खाली. मग माझ्या पायात काटा मोडला. काटा सापडेना, तेव्हा पोटात दुखायला लागलं. पोट दाबून बघायला लोक जमले, तेव्हा मी म्हणालो की आमच्या घराण्यात मंगळवारी कुणी उंचावर चढत नाही. तो मंगळवार नव्हता.

मुकादम आमच्याच गावाकडचा, पण कामाच्या ठिकाणी तो कुणाचा नातेवाईक नसे. त्यानं तंबाखू थुंकली आणि शांतपणे सांगितलं, "फळी चढंना तो कोयता न्हाई. उद्या सकाळी माघारी जा बे, दोघं बी."

दोघं बी. मी भ्यालो म्हणून तिनंही त्या कोरड्याठाक गावात परत जायचं, टँकरच्या रांगेत घागर धरून उन्हाळा काढायचा. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. ती चुंबळ वळत माझ्याजवळ आली. मला वाटलं आता उद्धार होतो.

"अवो," ती म्हणाली, "ट्रॉलीत बसल्यापासून तुमचं त्वांड बंद न्हाई. फळीवर पाय ठिवला की कावून गप होता?"

तिचं खरं होतं. फळीवर माझी दातखीळ बसायची आणि तिच्यापाठोपाठ पायही अडकायचे.

"बोलत चढा. काय बी बोला. खोटं बी चालंल."

"खोटं म्हंजी?"

"म्हंजी रोजचंच."

असं म्हणून तिनं माझ्या डोक्यावर मोळी दिली आणि फळीच्या पायथ्याशी उभी राहिली. मी एक पाय टाकला आणि सुरू केलं: आमच्याकडे एक शेळी होती. इतकी दुधाळ, इतकी दुधाळ, की दूध संघाचे सगळे कॅन भरून उरलेलं दूध आम्ही हौदात साठवायचो. फळी हलली. मी थांबलो.

"मंग?" खालून आवाज.

मग संघाच्या लोकांनी हात टेकले आणि तिला संचालक मंडळावर घेतलं. बिनविरोध.

"मंग?"

मग काय, सभेला ती पहिल्या रांगेत. बाकीचे संचालक अहवाल न वाचता सही करायचे. ही एकटीच अशी, की तिनं अहवाल अख्खा पोटात घातला. एवढ्यात कुणीतरी ट्रकवरून माझ्या डोक्यावरची मोळी उचलून घेतली. मी वर होतो. खाली टोळी कोयते टेकवून उभी होती, आणि शेळीचं पुढं काय झालं असं एक म्हातारी ओरडून विचारत होती.

गप्प बस असं मला मास्तरांनी सांगितलं, बापानं सांगितलं, लग्नात भटजींनीसुद्धा सांगितलं. बोल असं सांगणारी ही पहिली. तिच्या त्या दोन 'मंग'वर मी पुढं पुष्कळ काही चढलो. ट्रक त्यातला सगळ्यात ठेंगणा.

वरून मी मान उचलली. फडाच्या पलीकडे, लांब, माजलगावच्या धरणातलं उरलेलं पाणी उन्हात चकाकत होतं. कितीतरी महिन्यांत टँकरबाहेरचं पाणी मी बघितलं नव्हतं. मी ओरडून सांगितलं, तर टोळी हसली. शेळीनंतर हे कोण मानणार? बायकोही मानेना.

तिनं आपली मोळी डोक्यावर घेतली आणि सरसर फळी चढून आली. मोळी टाकली, घाम पुसला, मी बोट दाखवलं तिकडे बघत राहिली.

"हाय की वो," ती हळूच म्हणाली.

आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. ती काही बोलली नाही, आणि मीही नाही, हे माझ्या बाबतीत विशेष.

खालून मुकादमाची हाक आली. कोयताच वर जाऊन बसल्यावर ऊस काय आपल्या पायानं चढून येणार हाय का, असं तो विचारत होता. मी फळीकडे पाठ केली, तोंडानं शेळीची पुढची निवडणूक सुरू केली, आणि उलट्या पावलांनी उतरायला लागलो.