घुमटाची फी

पोलीस खात्यातली बहुतेक प्रकरणे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कुठली चोरी कुठल्या ठाण्यात असताना झाली, हे विचारले तर थांबून आठवावे लागते. नार्वे गावच्या पाकिटांचे प्रकरण मात्र जसेच्या तसे समोर उभे राहते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, आणि शेवटी पाहिले तर गुन्हाही नव्हता.

मी तेव्हा गोव्यात डिचोलीला पोलीस निरीक्षक होतो. खाणी बंद पडल्या होत्या आणि ठाण्यात येणाऱ्या तक्रारींचा रंग पालटला होता. पूर्वी खनिजाच्या ट्रकांच्या धडका यायच्या, आता भाऊबंदकी आणि बँकांचे हप्ते येऊ लागले होते. एका सकाळी नार्वेचे एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. त्यांची विधवा काकी शेजारच्याच घरात एकटी राहायची, तिचा मुलगा परदेशात. पाळी गावचा एक तरुण दर महिन्याला येतो, काकीकडून पैशांचे पाकीट घेतो आणि जातो, अशी त्यांची तक्रार होती. असाच तो आणखी दोन-तीन म्हाताऱ्यांच्या घरी जातो, त्यांचीही मुले परदेशातच आहेत, हेही त्यांनी शोधून काढले होते. शेवटी आवाज खाली आणून ते म्हणाले, "साहेब, तो भायलो. बापूस घाटाकडसून खाणीर आयिल्लो."

भायलो म्हणजे बाहेरचा. बाप खरे तर घाटावरचा नव्हता, सिंधुदुर्गातला होता. म्हणजे नदी ओलांडली की आलाच. पण कुणाला परके ठरवायचे म्हटले की आपल्या लोकांचा भूगोल लगेच कच्चा होतो. अर्ज मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. एकट्या म्हाताऱ्या माणसांना धमकावून पैसे उकळणारे मी पाहिले होते. स्टेशन डायरीत नोंद केली, प्राथमिक चौकशी हवालदाराकडे दिली आणि त्याला साध्या कपड्यांत नार्वेला पाठवले. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला तो तरुण आला. हवालदाराच्या डोळ्यांदेखत तो तीन घरांत शिरला आणि प्रत्येक घरातून पाकीट खिशात घालून बाहेर पडला. हवालदार त्याला ठाण्यात घेऊन आला.

तिशीतला, अंगाने काटक, बोलायला नम्र. पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचा. ट्रक विकून टाकला होता. आता काय करतोस, असे विचारले तर म्हणाला, घुमट शिकवतो. घुमट म्हणजे आमच्याकडे आरतीला वाजते ते मातीचे, एका तोंडाला कातडे मढवलेले वाद्य. कातडे घोरपडीचे तर नाही ना, हे मी आधी विचारून घेतले. घोरपडीवर बंदी आहे आणि पोलिसाची सवय जात नाही. बकरीचे आहे म्हणाला. गावात त्याला सगळे मास्तर म्हणत, मीही इथे तेच म्हणतो.

"आणि पाकिटात काय?"

"फी, साहेब."

"सत्तर वर्षांच्या बाया घुमट शिकतात?"

"त्या नाय शिकत."

मग कोण शिकते, यावर तो गप्प झाला. मी आवाज चढवला, उतरवला, चहा दिला, चहाचा कप काढून घेतला. जी काही साधने कायद्यात बसतात ती सगळी वापरली. शेवटी एवढेच बोलला, "त्यांका शब्द दिलाय, साहेब. तो माका मोडूचो नाय."

मी त्याला स्वच्छ सांगितले. संध्याकाळपर्यंत खुलासा झाला नाही तर खंडणीचा गुन्हा नोंदवावा लागेल, अटक होईल, परवा वर्तमानपत्रात नाव येईल. त्यानंतर तू निर्दोष सुटलास तरी या भागात कोणी तुला आरतीला बोलावणार नाही. त्याचा चेहरा उतरला. घरी आई, बायको आणि याच शिकवणीवर चाललेली चूल. तरीही तो बोलला नाही. गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत अंदाज घेत असतो. हा जमिनीकडे पाहत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी भडकलो होतो.

दुपारी मी स्वतः हवालदाराला घेऊन त्या तीन घरांत गेलो. पहिल्या घरातल्या म्हाताऱ्याने पाकीट म्हणजे देवळाची वर्गणी असे सांगितले. दुसऱ्या घरातल्या बाईने कौले फेरण्याची मजुरी सांगितली. घरावर कौले नव्हती, स्लॅब होता. माणसे भीतीने खोटे बोलतात तेव्हा फार घाईत बोलतात. आता माझी खात्रीच पटू लागली की मास्तराने या सगळ्यांना दम भरला आहे.

तिसरे घर अर्जदाराच्या काकीचे. तिने तर सरळच सांगितले की मी त्याला ओळखत नाही. पुतण्या कुंपणापाशी उभा राहून मान डोलावत होता. मी वही मिटली आणि पायऱ्या उतरलो. तेवढ्यात मागून हलकेच आवाज आला.

"साहेब, ताणें कितें खालां काय ना? तिखट दिवं नाकात ताका, पित्त जाता."

त्याने काही खाल्ले की नाही, तिखट देऊ नका, त्याला पित्त होते, असे ती सांगत होती. मी परत फिरलो आणि सोप्यावर बसलो. पुतण्याला घरी पाठवून दिले. इतक्या वर्षांत गळा आवळणाऱ्याच्या पित्ताची काळजी करणारा माणूस मला भेटला नव्हता. मी म्हटले, "मावशी, तुम्ही काही सांगितले नाही तर संध्याकाळी मी त्याला कोठडीत घालणार आहे. मग तिखट की अळणी, ते माझ्या हातात राहणार नाही."

ती रडली आणि मग बोलली. तिचा मुलगा इंग्लंडमध्ये एका पावाच्या कारखान्यात होता. आमच्या भागातल्या पुष्कळ मुलांसारखा तोही जुन्या राजवटीच्या हक्काने पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेला होता. तिकडे त्याला आणि त्याच्यासारख्या काहींना आरतीची आठवण यायची. मास्तराचे व्हिडिओ बघून त्यांनी त्याच्याकडे मोबाईलवरून घुमट शिकायला सुरुवात केली. फी मुलगा आईला सांगे आणि आई मास्तराला देई. त्या पासपोर्टामुळे मुलाचे भारतीय नागरिकत्व गेले हे कळले तर सरकार घर काढून घेईल, असे वाड्यावर कोणीतरी पूर्वीच पसरवले होते. म्हणून तिन्ही घरांनी तोंडाला कुलूप लावले होते, आणि मास्तराने त्यांच्याच भीतीपोटी दिलेला शब्द पाळला होता. एकमेकांना वाचवता वाचवता सगळ्यांनी मिळून त्याला तुरुंगाच्या दारात नेऊन ठेवले होते.

घर कोणी नेत नाही, हे तिला पटवायला मला दोन कप चहा लागला. मग तिने मुलाला फोन लावून दिला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर चाळिशीतला, डोक्याला कारखान्याची जाळीची टोपी घातलेला माणूस दिसला. पोलिसाचा गणवेश बघून तो बिचारा उभाच राहिला. मी विचारले, सरळ मास्तराच्या खात्यात पैसे का पाठवत नाही?

त्यावर त्याने जे सांगितले ते ऐकून मला त्या माणसांचे वाईट वाटले. सरळ पाठवून पाहिले होते. वेगवेगळ्या देशांतून वेगवेगळ्या नावांनी बारीक बारीक रकमा येऊ लागल्या तशी मास्तराची बँक सावध झाली. पैसे कशाचे, पाठवणारा कोण, करार कुठे आहे, असे प्रश्न आले. मास्तराकडे घुमट होते, करार नव्हता. खाते काही काळ अडवून ठेवले गेले. दुसऱ्या एका कंपनीमार्फत पाठवले तर फीचा मोठा वाटा वाटेतच गळायचा. व्हिडिओंचे पैसे तर ठरावीक रक्कम जमल्याशिवाय निघतच नव्हते. पण मुलगा आईला घरखर्चाला पाठवतो ते पैसे बिनबोभाट पोचत होते. मग सगळ्यांनी मिळून ठरवले, त्यातूनच आईने द्यावेत. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालायचा कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांना तो परकीय चलनाच्या नियमांत बसत नाही हे ठाऊकच नव्हते, आणि खोटे कशाला बोलू, मलाही तेव्हा नीटसे ठाऊक नव्हते.

फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, "साहेब, पयशे खंयचेय वाटेन धाडटां. पूण ताचें आवयगेर वचप बंद करूं नाकात." पैसे कुठल्याही वाटेने पाठवीन, पण त्याचे आईकडे जाणे बंद करू नका. मास्तर घरी गेला की थोडा वेळ बसायचा. तिच्या गोळ्या संपल्यात का बघायचा, फोन धरून तिला मुलाशी बोलू द्यायचा, पायाची सूज त्याला दाखवायचा. हे सांगताना तो माणूस पलीकडे तोंड फिरवून बोलत होता.

संध्याकाळी मास्तराला सोडले. जाताना त्याने पहिले विचारले ते, मावशीला काही त्रास झाला नाही ना. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन बँकेत गेलो. व्यवस्थापक भला माणूस होता. नियम त्याने केलेले नव्हते आणि तो ते मोडूही शकत नव्हता. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला कारण लिहावे लागते, आणि घुमट कुठल्या कारणात बसवायचे यावर तो बराच वेळ डोके खाजवत बसला. अखेर शिकवणी असे ठरले. शिष्यांनी दोन ओळींचे करार पाठवले, एकाने सगळ्यांची फी गोळा करून एकदम पाठवायची असे ठरले. पैसे उशिरा येत, थोडे कापले जात, पण राजमार्गाने येत.

राहिला पुतण्या. अर्ज निकाली काढताना मास्तराबरोबर त्यालाही ठाण्यात बोलावले. काकीची त्याला खरेच काळजी होती, की काकीच्या घराची, ते मी ठरवत बसलो नाही. फक्त विचारले, काकी रक्तदाबाची कुठली गोळी घेते? भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसाला ते सांगता आले नाही. मी मास्तराला विचारले. त्याने नाव सांगितले, आणि ती सकाळी घ्यायची हेही.

तरीही मास्तर घुटमळत होता. म्हणाला, आता पैसे बँकेत येणार. मग त्या घरात कुठल्या तोंडाने जाऊ? बाहेरचा माणूस, कारण काय सांगू? मी काही तोडगा सांगणार तोवर पुतण्यासोबत आलेली काकी बाकावरून उठली. माझ्याकडे नाही, त्याच्याकडेही नाही, पुतण्याकडे बघून ती बोलली.

"म्हज्या घरांत येवपाक कारण कित्याक जाय?"

माझ्या घरात यायला कारण कशाला हवे, एवढेच तिचे म्हणणे होते. हवालदार उगाचच फायली लावू लागला. मी अर्जावर शेरा मारला आणि सही केली.

आमच्या खात्याला कारण लागते, बँकेलाही लागते. त्याशिवाय दोघांचे चालत नाही आणि चालूही नये. पण एका घरातून दुसऱ्या घरात माणसे का जातात, हे अर्जात कधीच लिहिलेले नसते. त्यानंतर ज्या ज्या तक्रारीत 'परका माणूस घरी येतो' असे वाक्य वाचले, त्या प्रत्येक वेळी मी आधी एकच चौकशी केली. तो आला नाही, तर तिथे दुसरे कोण येते?