लेक बोलत नव्हती तेव्हा

तिसरं वर्ष उलटलं तरी माझी लेक बोलत नव्हती. मला "आई" म्हणायची, नको असेल तर "नही" म्हणायची आणि पाण्याला "मम". बाकीचं सगळं बोट दाखवून नाहीतर आमचा हात ओढून चालायचं. शेजारची तिच्याच वयाची मुलगी दारात उभी राहून आदल्या दिवशीची अख्खी गंमत सांगून जायची. ती गेली की मी दार लोटून घ्यायचे.

आमच्या घरात बोलण्याची कमी नव्हती. माझं माहेर रावेरचं, केळीच्या बागा असलेलं, तिकडची बोली वेगळी. सासर पिंपळनेरचं, तिथे अहिराणी. लग्नानंतर आम्ही धुळ्यात बिऱ्हाड केलं आणि लेक झाल्यावर सासूबाईही आमच्याकडे राहायला आल्या. नवरा आणि मी शाळेतली मराठी बोलायचो, सासूबाई लेकीशी अहिराणीत बोलायच्या, माझी आई फोनवरून रावेरच्या बोलीत. आणि नर्सरी इंग्रजी माध्यमाची.

त्या नर्सरीतल्या बाईंनी एक दिवस मला थांबवलं. "घरात किती भाषा बोलता तुम्ही? मूल गोंधळतं. एकच ठेवा. गावाकडची तर बंदच करा."

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. सासूबाई तिथेच बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"मंग मी तिनासंगे काय बोलू? माले तुमनं मराठी येत नही."

"येईल हळूहळू," नवरा म्हणाला.

त्यांनी प्रयत्न केला. "बाळा, जेवण कर," म्हणायच्या तेव्हा कुणीतरी परीक्षेला बसवल्यासारखा त्यांचा आवाज व्हायचा. आधी घास भरवताना त्या गावातल्या बैलाचं, चिमणीचं, स्वतःच्या लहानपणचं, बठ्ठं, म्हणजे सगळंच, बोलत राहायच्या आणि लेक त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. आता त्या मुकाट्याने घास पुढे करायच्या आणि लेक मुकाट्याने खायची. थोड्या दिवसांत तिचं "नही"सुद्धा बंद झालं. नको असलं की ती नुसती मान फिरवायची.

सल्ले मात्र चारही बाजूंनी यायचे. कुणी मध आणि वेखंड चाटवायला सांगितलं, कुणी मोबाईल काढून घ्यायला. माझी मोठी नणंद म्हणाली, "हिचा बापही उशिराच बोलला होता, कशाला घाबरतेस?" मी सगळं ऐकायचे आणि जमेल ते करायचे. काहीच होत नव्हतं.

उन्हाळ्यात रावेरला माझ्या मावसभावाचं लग्न होतं. लेकीला पट्टा असलेले नवे बूट आणि मोजे घेतले होते. मांडवात ती जरा वेळ बागडली, मग कडेवरून उतरेना. परत निघालो तेव्हा रडायला लागली. माझ्या आईने एसटीच्या खिडकीतून हात घालून तिच्या गालावरून फिरवला. "कशाले रडू रायली व माय?" लेक आणखीच रडली.

जळगावला गाडी बदलली तरी रडणं चालूच. पाणी दिलं, तिने ढकललं. बिस्किट दिलं, फेकलं. झोप आली असेल म्हणून मांडीवर आडवी केली तर ताठ झाली. पोट दुखत असेल म्हणून पोटावर हात फिरवला. पुढच्या सीटवरचे एक आबा वळून म्हणाले, "पोरगी काय सांगते ते बघा ना ताई." मी काय बघणार होते? ती माझ्या डोळ्यांत बघत रडत होती. सांगायचं होतं तिला, आणि मला समजत नव्हतं. पारोळ्याच्या पुढे तिचा घसा बसला आणि ती नुसती हुंदके देत राहिली.

घरी आल्यावर सासूबाईंनी तिला घेतलं आणि पायातले बूट काढले. मोजा टाचेला चिकटलेला. पाण्याने भिजवून सोडवला तेव्हा खालची कातडी पूर्ण सोलवटलेली दिसली.

सासूबाई ते पाऊल ओंजळीत धरून बसल्या. "कोठे दुखस माय? आठे दुखस? माले सांग ना वं माय." एकही शब्द मराठी नव्हता. नवरा दारातच उभा होता. आम्ही त्यांना अडवलं नाही.

त्यानंतर आम्ही तिला जळगावला नेलं. कानांची तपासणी झाली, ऐकू व्यवस्थित येत होतं. मग वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी तिच्यासोबत जमिनीवर बसून बराच वेळ खेळ मांडला आणि आम्हाला सगळं विचारून घेतलं.

"दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायचं थांबत नाही," त्या म्हणाल्या. "हिला बोलायला उशीर होतोय, ते वेगळं आहे. घरी ज्याला जी बोली मनापासून येते, त्याने तीच बोलावी. आजींना गप्प करू नका."

"मग उशीर कशामुळे होतोय?" मी विचारलं.

"ते आज नाही सांगता येणार. काही मुलांचं कारण कळतं, काहींचं नाही. आपण काम सुरू करू."

मला वाटलं होतं, कुणीतरी खरं कारण सांगेल आणि मग आपण ते दूर करू. ज्याला आम्ही कारण समजत होतो तेही त्यांनी काढून घेतलं. परतीच्या गाडीत नवरा म्हणाला, "म्हणजे आता करायचं काय?" मी म्हटलं, "बोलत राहायचं."

सासूबाई पुन्हा बोलू लागल्या. आम्ही जळगावच्या खेपा घालतोच आहोत. लेक आता साडेचार वर्षांची आहे. दोन-दोन शब्द जोडते. "माले दे," "आजी, चाल," असं म्हणते. शाळेत मात्र तोंड उघडत नाही. शाळेच्या कार्यक्रमात बाकीची मुलं कविता म्हणत होती आणि ती फ्रॉकची कड मुठीत धरून उभी होती. मी समोर खुर्चीत बसले होते, तिच्यासाठी काहीही करू शकत नव्हते.

परवा दुपारी ती झोपेतून उठली आणि माझ्याजवळ येऊन काहीतरी सांगू लागली. केवढं तरी लांबलचक. हात उंच करून दाखवलं, जमिनीवर बसून दाखवलं, मध्येच "आजी" आलं, मध्येच "पानी". बाकी सगळे नुसते आवाज. शेवटी ती स्वतःच खुदकन हसली आणि माझा पदर धरून मी हसायची वाट बघत थांबली.

मी हसले. ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने माझा पदर सोडला आणि तेच सगळं पुन्हा सांगायला आतल्या खोलीत सासूबाईंकडे गेली.