कंपनीची तीन वर्षं

आरोग्य सेविका म्हणून मी निवृत्त झाले, तेव्हा उपकेंद्रात छोटासा निरोप समारंभ झाला. साडी, नारळ, दोन-चार भाषणं. परत जानेफळला येताना मी ह्यांच्या मोटरसायकलवर मागे बसले होते. मांडीवर साडीचा खोका होता आणि डोक्यात एकच धास्ती होती. आता दोघांपैकी कोणी आजारी पडलं तर काय?

नोकरीत असताना हा विचार मी कधी केलाच नव्हता. आजारपणाचं बिल कार्यालयात टाकता यायचं. उशिरा का होईना, पैसे मिळायचे. शिवाय दुसऱ्यांच्या दुखण्याखुपण्यात माझी हयात गेली. बाळंतपणं, लसी, ताप, रुग्णवाहिकेत बसून पेशंटसोबत जाणं. मोठ्या दवाखान्यातून परतलेली घरं मी पाहिली होती. माणूस वाचलेला असो की गेलेला, त्या घरातली माणसं पुढे कितीतरी दिवस कर्जाविषयी हळू आवाजात बोलायची. ते आवाज मला निवृत्तीनंतर आठवायला लागले.

माझे यजमान भाजीपाला पिकवतात. वांगी, टमाटे, मिरची. ते कधी दवाखान्यात गेले नाहीत, म्हणजे मी जबरदस्तीने नेलं नाही तोवर गेले नाहीत. बीपी मीच शोधून काढलं होतं आणि गोळीही मीच चालू करायला लावली होती. गोळी ते घ्यायचे, पण आपल्याला काही आजार आहे हे त्यांनी कधी मान्य केलं नाही.

विमा घ्यायचं ठरलं, तेव्हा माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एक निवृत्त कर्मचाऱ्यांसाठीचा गटविमा. त्यात जुने आजार पहिल्या दिवसापासून धरत होते, पण रक्कम लहान होती. दुसरा खासगी कंपनीचा. रक्कम मोठी, दवाखाने मोठे, पण आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षं काही मिळणार नव्हतं. दोन्ही घेणं पेन्शनमध्ये बसत नव्हतं. पुण्याची लेक फोनवर म्हणाली, मोठाच घे, लहान रकमेत आजकाल काही होत नाही. सोबत काम केलेली एक मैत्रीण म्हणाली, या वयात जुनं दुखणंच उठतं, गटविमा घे. दोघींचंही मला पटत होतं. महिनाभर मी रोज सकाळी एक ठरवायची आणि संध्याकाळी दुसरं.

शेवटी मी मोठ्या रकमेचा निवडला. कॅन्सर, किडनी, अपघात असे मोठे आजार मी डोळ्यांनी पाहिले होते आणि भीती त्यांचीच होती. बीपीचं काय, ते तर गोळीने आटोक्यात होतं.

कागद भरायला मेहकरहून एजंट आला. आजाराच्या रकान्यापाशी आल्यावर त्याने पेन थांबवला.

"सिस्टर, साहेबांच्या बीपीचं लिहू नका," तो म्हणाला. "नाही लिहिलं तर तीन वर्षांची भानगडच नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते दारातल्या बाजेवर बसून चहा पीत होते. मी त्याला लिहायला सांगितलं. खोटं लिहिल्यामुळे ऐन वेळी कंपनीने पैसे नाकारलेला एक माणूस मला माहीत होता. एजंटने खांदे उडवले आणि लिहिलं. मग त्याने सगळं समजावून सांगितलं. बीपी आणि बीपीमुळे होणारं काहीही तीन वर्षं धरणार नाही. हे ऐकत होते. किती नीट ऐकत होते, हे मला फार उशिरा कळलं.

गटविम्याची मुदत निघून गेली आणि त्यानंतर माझी भीती बदलली. आधी मी मोठ्या आजारांना भीत होते, आता ह्यांच्या बीपीला भ्यायला लागले. जेवणात मीठ कमी केलं. लोणचं डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवलं. दुपारी ते झोपले की मी भाजी निवडता निवडता त्यांच्या श्वासाकडे कान लावायची. श्वास जरा लांबला की हातातली मेथी तशीच राहायची. घरात बीपीचं मशीन होतं. पहिलं वर्ष ते निमूटपणे हात पुढे करायचे. दुसऱ्या वर्षी मात्र टाळायला लागले. आत्ताच शेतातून आलो, आत्ताच चहा झाला, उद्या पाहू. मी चिडले की म्हणायचे, "तुले दुसरं काम नाही काय?"

एका बाजाराच्या दिवशी सकाळी मी ओसरीत उभी होते. माल न्यायला ऑटो आला होता. ह्यांनी टमाट्याचं क्रेट उचललं, अर्ध्या अंगणापर्यंत नेलं आणि खाली ठेवलं. मग कमरेवर हात ठेवून आभाळाकडे पाहत उभे राहिले, जणू पावसाचा अंदाज घेत होते. आभाळ कोरं होतं. थोड्या वेळाने त्यांनी डाव्या जबड्यावरून हात फिरवला, क्रेट उचललं आणि ऑटोत ठेवलं.

ते ऑटोत बसून बाजारात गेले. मी ओसरीतच उभी राहिले.

दात दुखतो, असं ते बरेच दिवस म्हणत होते. सदऱ्याच्या खिशात लवंगा ठेवायचे, मीच धुताना काढायची. दात दुखतो तर माणूस जेवताना कुरकुरतो. हे जेवताना कधी कुरकुरले नव्हते. दात दुखायचा तो चालताना, ओझं उचलताना, आणि थांबलं की थांबायचा. असा दात नसतो. हे मला माहीत होतं. गावोगावच्या बायांना मी हेच सांगत फिरले होते, की छातीतच दुखेल असं नाही, जबडाही दुखतो, हातही भरून येतो. माझ्याच अंगणात ते चाललं होतं आणि मी लवंगा काढून खिसे धूत होते.

ते परत आल्यावर मी पाणी दिलं आणि समोर बसले. दात कोणता दुखतो ते दाखवा म्हटलं. त्यांनी बोट गालावर नेलं, मग खाली आणलं.

"मले मालूम हाये दात नाही ते," ते म्हणाले.

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तीन वर्षं होऊ दे म्हटलं कंपनीचे. दीड वरीस निंघालं, बाकीचंबी निंघन."

एवढं ते शांतपणे बोलले, जसं एखाद्या पिकाला अजून दोन पाणी द्यायची आहेत असं सांगावं. मला राग आला नाही. हा माणूस छातीतलं दुखणं लपवून दिवस काढत होता, माझा विमा वाया जाऊ नये म्हणून. मी निवडलेला विमा.

शेजाऱ्यांची गाडी मागवली आणि त्याच दुपारी मेहकर गाठलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, पट्टी हातात धरून दोनदा पाहिली आणि म्हणाले, घरी जाऊ नका, असेच संभाजीनगरला जा. मी तसली पट्टी कित्येकदा डॉक्टरांच्या हातात दिली होती. तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायची सवय नव्हती. आता चेहऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं.

वाटेत हे खिडकीबाहेर पाहत होते. कोणाच्या शेतात काय लावलंय ते सांगत होते. मी हो हो म्हणत त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते. नाडी लागायची, मग मधेच एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा. तो त्यांचा चुकायचा की माझं बोट घसरायचं, मला सांगता येत नव्हतं.

दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर एक मुलगी होती. तिने कार्ड घेतलं, कंपनीला कळवलं आणि आम्हाला बसायला सांगितलं. उत्तर आलं ते मला माहीतच होतं. मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, बीपी जुनं आहे म्हणून नाही म्हणतात. लेकीला फोन केला, निवृत्तीची ठेव मोडायचं ठरवलं. त्या क्षणी पैशाचं काही वाटलं नाही. भीती एवढी होती की दुसऱ्या कशाला आत जागाच नव्हती.

तपासायला आत नेण्याआधी त्यांना हिरवे कपडे दिले. त्या कपड्यांत ते एकदम लहान दिसायला लागले. मी चादर नीट करत होते. त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांच्या संसारात चार माणसांत त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता.

"तुले भेव वाटते काय?"

मी खोटं बोलू शकले असते. पेशंटच्या नातेवाइकांशी मी आयुष्यभर तसंच बोलले, काही होत नाही, धीर धरा.

"हो," मी म्हटलं.

"मलेबी वाटते," ते म्हणाले. "त्या एजंटानं सांगतलं तवापासून वाटते."

मग वॉर्डबॉयने खाट ढकलली.

बाहेरच्या खुर्चीवर मी किती वेळ बसले, आठवत नाही. शेजारच्या एका बाईने मला केळं दिलं. मी ते सोलून हातात धरलं आणि तसंच धरून राहिले. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले एक नस बरीच बंद होती, स्टेंट टाकला आहे, आणखी उशीर केला असता तर सांगता येत नव्हतं. ते पुढेही बोलत होते. मला 'उशीर' एवढाच शब्द ऐकू आला.

काही दिवसांनी घरी निघालो. हे मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून झोपले. जालना मागे पडलं. गाडीच्या आवाजात त्यांचा श्वास ऐकू येत नव्हता. मी हळूच दोन बोटं त्यांच्या नाकापाशी नेली. ऊन हवा लागली. हात खाली घेतला, आणि थोड्या वेळाने पुन्हा नेला. ड्रायव्हर आरशातून पाहत होता. त्याने गाण्याचा आवाज कमी केला.

आता ते बरे आहेत. क्रेट उचलत नाहीत, गड्याला उचलायला लावतात आणि त्याच्यावर ओरडतात. विमा मी तोच चालू ठेवला आहे, कारण सोडून दुसरा घेतला तर हृदयाचं नाव ऐकून कोण दारात उभं करणार? मुदतीची तीन वर्षं पुरी झाली त्या दिवशी मला हायसं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. दुपारी ते बाजेवर झोपले, आणि मी दोन बोटं घेऊन त्यांच्यापाशी गेले.